खंबीर बिशप हवेत, पण त्यांच्याकडे नेमकं काय मागायचं?

धर्मप्रांताला, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालच्या चर्चच्या विभागाला, नवे बिशप मिळाले, की गावोगावच्या ख्रिस्ती घरांत एकच बोलणं चालतं : आता तरी कुणीतरी कारभार घट्ट हाती घ्यावा. या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचा सूर तोच आहे. पत्रलेखकांनी सांगितल्यावरून गावांची नावं छापलेली नाहीत. उत्तरांतले कॅननचे (कलमांचे) आकडे कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेचे, म्हणजे कॅनन लॉचे आहेत. नागपूर (1887 पासून धर्मप्रांत, 1953 पासून महाधर्मप्रांत) आणि अमरावती (1955) इथे तो लागू आहे. चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार या पूर्वेकडील कॅथलिक परंपरेतला असल्यामुळे तिथे पूर्वेकडील चर्चसाठीची 1990 ची वेगळी संहिता चालते. बल्लारपूर-चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांनी हे आकडे जसेच्या तसे पत्रात घालू नयेत. आपल्या फादरांना त्या संहितेतलं कलम विचारून घ्यावं.

प्रश्न : मी एका उपकेंद्रात, म्हणजे फादर कायम राहत नाहीत अशा गावच्या चर्चमध्ये, धर्मशिक्षक आहे. फादर महिन्यातून एकदा मिस्सेला (मुख्य उपासनेला) येतात, बाकीचे रविवार मी प्रार्थना घेतो. नवे बिशप खंबीर आहेत असं ऐकतो. पहिल्या वर्षात आम्ही काय अपेक्षा ठेवावी?

पहिल्या दोन महिन्यांत फार काही दिसलं नाही, तर निराश होऊ नका. बिशपांची जागा रिकामी असते तेव्हा प्रशासकाला कोणताही नवा पायंडा पाडता येत नाही (कॅनन 428). धर्मगुरूंचं मंडळ आणि पाळकीय मंडळ (लोकांच्या गरजांवर बिशपांना सल्ला देणारं) दोन्ही त्या काळात संपुष्टात येतात (501, 513). म्हणजे नव्या बिशपांच्या टेबलावर साचलेल्या फायली असतात आणि सल्ला द्यायला जुनं मंडळ नसतं. अशा वेळी धडाधड बदल्या आणि परिपत्रकं काढणारा बिशप चार-सहा महिने खंबीर वाटतो, मग सगळं जिथल्या तिथे येतं. आम्ही मोजमाप वेगळं धरतो : कायद्यानं बिशपांवर जे बंधन आहे, ते बिशप वेळेत पाळतात का?

धर्मगुरूंचं मंडळ कार्यभार घेतल्यापासून वर्षाच्या आत पुन्हा नेमावंच लागतं. आर्थिक मंडळात किमान तीन जाणकार लागतात आणि बिशपांचे जवळचे नातेवाईक त्यात चालत नाहीत (492). प्रापंचिकांचा (धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांचा) समावेश असलेलं धर्मप्रांताचं पाळकीय मंडळ मात्र कॅनन 511 प्रमाणे "परिस्थितीनुसार" आहे, आणि याच शब्दाआड ते अनेक ठिकाणी राहून जातं. ऑक्टोबर 2024 मध्ये रोममधल्या सिनॉडच्या (जगभरच्या बिशपांच्या सभेच्या) अंतिम दस्तऐवजानं अशी मंडळं सक्तीची करावीत, असं स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा पहिली मागणी हीच ठेवा : वर्षाच्या आत पाळकीय मंडळ, आणि त्यात उपकेंद्रांचे प्रतिनिधी.

प्रतिनिधी नेमले म्हणजे झालं असं नाही. बैठक जिल्ह्याच्या गावी, मंगळवारी सकाळी 10 ला ठेवली की निंदणाला जाणारी बाई येऊच शकत नाही. तिची मजुरी बुडते आणि पहिली एसटी पोहोचते तोवर अर्धे ठराव झालेले असतात. मग मंडळात उरतात शहरातले मुख्याध्यापक आणि निवृत्त अधिकारी. ती माणसं चांगली असतात, पण ढान्यावरची (कोरकू वस्तीवरची) अडचण त्यांना ठाऊक नसते. म्हणून मागणीत हेही लिहा : बैठक रविवारी दुपारी, येण्याजाण्याचं भाडं आणि दिवसाची मजुरी धर्मप्रांताकडून, विषयपत्रिका 15 दिवस आधी, आणि इतिवृत्त महिन्याच्या आत मराठीत प्रत्येक उपकेंद्रात वाचून दाखवायचं.

आता तुमच्याविषयी. चर्चच्या सेवेत कायम किंवा ठरावीक काळ वाहून घेतलेल्या प्रापंचिकांना योग्य मानधन, विमा आणि वैद्यकीय सोय मिळण्याचा हक्क कॅनन 231 देतो. पोप फ्रान्सिस यांनी मे 2021 मध्ये धर्मशिक्षकपद ही चर्चची अधिकृत सेवा म्हणून स्थापन केली, स्त्री-पुरुष दोघांसाठी. बिशप विधिपूर्वक ती सेवा बहाल करू शकतात. याबद्दल संकोच न करता विचारा. उपकेंद्रं प्रत्यक्षात धर्मशिक्षकांवर चालतात, आणि त्यांचं मानधन नेमणुकीच्या कागदाविना, फादरांच्या मर्जीवर राहणं बरोबर नाही.

प्रश्न : बिशप निवडताना आम्हाला कुणी विचारलं नाही. आपल्याच भागातला, आपली भाषा बोलणारा का दिला नाही?

नेमणूक पोप करतात. त्यांचे भारतातले प्रतिनिधी, म्हणजे नन्सिओ, तीन नावांची यादी पाठवतात. त्याआधी ते प्रांतातले बिशप आणि काही धर्मगुरू यांना, आणि त्यांना गरज वाटली तर काही प्रापंचिकांनाही, एकेकट्याला गुप्तपणे विचारतात (377). तुमच्या गावात कुणाला विचारलं असलं, तरी त्यानं ते सांगायचं नसतं. जागा रिकामी असताना नन्सिओंना पत्र लिहिता येतं. त्यात नाव सुचवण्यापेक्षा धर्मप्रांताची गरज लिहावी. नेमणूक झाल्यावर त्याचा उपयोग नाही.

भाषेचा मुद्दा मात्र रास्त आहे. विदर्भात अनेक धर्मगुरू दुसऱ्या राज्यांतून आले आणि त्यांनी आयुष्य इथे वेचलं. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण नव्या फादरला आल्याबरोबर शाळेचा मॅनेजर केलं, की तो पाच वर्षांनीही मराठीत वाचूनच प्रवचन देतो. बिशपांकडे मागा : पहिले सहा महिने कोणतीही कार्यालयीन जबाबदारी न देता खेड्यात मुक्काम, मराठी पक्की, आणि मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीकडे गोंडी कामापुरती तरी.

प्रश्न : बिशपांची भेट आमच्याकडे ठरते आहे. मागच्या खेपेला स्वागत, भाषणं, जेवण यातच दिवस गेला आणि बोलायचं ते राहून गेलं. या वेळी तयारी कशी करावी?

ज्या एका गोष्टीवर सगळा जोर लावावा, ती ही. कॅनन 396 प्रमाणे बिशपांनी दरवर्षी धर्मप्रांताच्या काही भागाला भेट द्यायची आणि पाच वर्षांत एकही पॅरिश (एका फादरांच्या हाताखालचं चर्चचं क्षेत्र) सुटता कामा नये. कॅनन 398 म्हणतो की या भेटीचा अनाठायी खर्च कुणावर पडू नये. तेव्हा मंडप, शंभर शाली आणि तीन भाज्यांचं जेवण यांना नाही म्हणायला तुमच्या हातात आधार आहे.

आधी तारीख. सोयाबीनची सोंगणी ऑक्टोबरात, कापूस वेचणी नोव्हेंबर ते जानेवारी. या काळात कास्तकार आणि मजूर दोघंही शेतात असतात आणि चर्चमध्ये फक्त नोकरदार दिसतात. मेळघाटातली कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात ती होळीला परततात; डिसेंबरातली भेट म्हणजे अर्ध्या रिकाम्या ढान्याला दिलेली भेट. होळी बहुधा ईस्टरआधीच्या उपवासकाळात येते, तेव्हा दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतरच्या संस्काराचा) सोहळा त्यात नको. ईस्टरनंतरचे दोन-तीन आठवडे सगळ्यांत सोयीचे. फक्त तेव्हा मैदानी भागात पारा 44-45 वर जातो, म्हणून कार्यक्रम पहाटेचा ठेवा. जूनमध्ये पेरणी सुरू झाली की विषय संपला.

मग मुक्काम. बिशप सकाळी 10 ला येऊन 3 ला निघाले, तर तुम्हाला खरा वेळ तासभरही मिळत नाही. आदल्या संध्याकाळी 5 पर्यंत यावं, अशी विनंती पत्रातच करा. स्वागताला डफडं किंवा गदली-सुसून (कोरकू नाच) जरूर असू द्या, पण गेटपासून चर्चपर्यंत, 15 मिनिटं. संध्याकाळी अंथरुणाला खिळलेल्या दोन-तीन आजाऱ्यांच्या घरी न्यायचं. रात्री जेवणानंतर सतरंजीवर बसून, माईक न लावता, तासभर बोलणं. माईक आला की ठरावीक चौघंच बोलतात. दुसऱ्या दिवशी 7 ला मिस्सा, त्यातच दृढीकरण. 9 ते 10:30 पॅरिशच्या मंडळाबरोबर बैठक. मग तासभर ज्यांना एकट्यानं भेटायचं त्यांच्यासाठी, त्यातला अर्धा तास फक्त बायांचा. त्या वेळी फादर आणि मंडळाचा अध्यक्ष दोघंही खोलीबाहेर. शेवटी बिशपांनी पॅरिशच्या नोंदवह्या बघायच्या.

बैठकीत बिशपांच्या हातात एकच कागद द्या, पाठपोट नाही. त्यावर प्रत्येक गावाचं नाव, कुटुंबं किती, पॅरिशपासून अंतर आणि पावसाळ्यात पांदण रस्ता चालू असतो की बंद, महिन्यात मिस्सा किती, धर्मशिक्षणाला येणारी मुलं किती, घरी कम्युनियन (पवित्र भाकर) न मिळालेले आजारी किती, आणि चर्चमध्ये लग्नविधी न झालेली जोडपी किती. या शेवटच्या आकड्याकडे लक्ष द्या. खेड्यात तो मोठा निघतो. माणसं श्रद्धा सोडतात म्हणून नव्हे, तर वीटभट्टीवर असताना संसार सुरू होतो आणि परत आल्यावर कागद कुणी जमवून देत नाही म्हणून. बिशपांनी मनावर घेतलं तर दोन फादर आठवडाभर बसवून पूर्ण पॅरिशचे असे अर्ज भरून होतात.

कागदाच्या तळाशी मागण्या तीनच. वीस मागण्यांच्या निवेदनावर "विचार करू" एवढंच उत्तर येतं. मागणी अशी लिहा : "प्रत्येक महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी 8, अमुक गावी मिस्सा, येत्या जुलैपासून." "आमच्याकडे लक्ष द्यावं" असं लिहू नका. बैठकीत एकानं फक्त लिहायचं काम करायचं. भेटीनंतर आठ दिवसांत ठरलेल्या गोष्टींचं पत्र बिशप कार्यालयाला आणि प्रत फादरांना पाठवा. सहा महिन्यांनी त्याच पत्राचा दाखला देऊन विचारा. बहुतेक भेटी वाया जातात त्या इथेच, कारण काय ठरलं हे दोन्हीकडे कुणी लिहून ठेवत नाही.

प्रश्न : मिशनची जमीन विकली जाणार अशी कुजबुज आहे. दानपेटीचा हिशेबही कधी वाचला गेला नाही. नव्या बिशपांकडे तक्रार करावी का?

आधी कागद, मग तक्रार. कुजबुजीवर पत्रक काढलं आणि ती खोटी निघाली, तर पुढची पाच वर्षं तुमचं खरंही कुणी ऐकणार नाही.

महाभूलेखवर गट नंबर टाकून सातबारा काढा. मालकाच्या रकान्यात काय आहे ते बघा : ट्रस्टचं नाव, एखादी सोसायटी, की कधीकाळच्या फादरांचं व्यक्तिगत नाव? चर्च, शाळा आणि दवाखाना एकाच आवारात असले तरी कागदावर तीन वेगळ्या संस्था असू शकतात. जुन्या फादरांचं नाव राहून गेलं असेल, तर तो आधी दुरुस्त करण्याचा विषय आहे. मग सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून त्या ट्रस्टचा पीटीआर (सार्वजनिक न्यास नोंदवहीचा) उतारा मागा. ट्रस्टची स्थावर मालमत्ता आणि सध्याचे विश्वस्त त्यात दिसतात. बिशप बदलले आणि विश्वस्त बदलले, की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो दिला आहे का, हेही तिथेच कळतं.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची जमीन विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. भाडेपट्टाही शेतजमिनीचा 10 वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जागेचा 3 वर्षांपेक्षा जास्त देता येत नाही. परवानगीचा अर्ज दाखल झाला असेल, तर तुम्ही तिथे लेखी हरकत घेऊ शकता.

आदिवासी गावांत आणखी एक खाच आहे. आजोबांनी प्रार्थनागृहासाठी दोन गुंठे तोंडी दिले, भिंती उभ्या राहिल्या, आणि आता नातू जागा मागतो. तो खोटा बोलत नसतो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायला महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि ट्रस्ट ही आदिवासी व्यक्ती नव्हे. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर गुंता आणखी वाढतो. अशी प्रार्थनागृहं किती आहेत याची यादी आणि प्रत्येकाची सरकारी मोजणी, हे काम धर्मप्रांताच्या पातळीवरच होऊ शकतं. जमिनीच्या बाबतीत नव्या बिशपांकडून आमची सर्वांत मोठी अपेक्षा हीच आहे.

हिशेबाचं उत्तर सोपं. पॅरिशमध्ये आर्थिक मंडळ असणं सक्तीचं आहे (537), आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या पैशांचा हिशेब श्रद्धावंतांना द्यायचा असतो (1287). छतासाठी म्हणून दिलेला पैसा छतावरच खर्च व्हायला हवा (1267). फादरांना विचारा की वर्षातून एकदा, मार्चनंतरच्या एखाद्या रविवारी, जमा-खर्च वाचून फळ्यावर लावता येईल का. बहुतेक फादर आनंदानं करतात. नाही म्हणाले तर डीनकडे (आसपासच्या पॅरिशांवर देखरेख करणाऱ्या फादरांकडे) लेखी, आणि तिथेही काही झालं नाही तर बिशपांकडे.

प्रश्न : चांगल्या फादरांची दोन वर्षांत बदली झाली. सह्यांची मोहीम केली तर बिशप ऐकतील का?

क्वचित. पॅरिश प्रमुखाला स्थैर्य असावं असं कॅनन 522 सांगतो, आणि तो आधार घेऊन आदरानं पत्र लिहा. पण सह्यांच्या मोहिमेनं येणाऱ्या नव्या फादरांची सुरुवातच कडू होते. त्यापेक्षा "पुढच्या फादरांना किमान सहा वर्षं ठेवा" अशी मागणी करा. ती मान्य होण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : आमच्या मुलांचे जातीचे दाखले अडतात. बिशप यात काही करू शकतात का?

कायदा त्यांच्या हाती नाही. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या राष्ट्रपती आदेशात शीख 1956 मध्ये आणि बौद्ध 1990 मध्ये आले. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेले अजून बाहेर आहेत. अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र धर्मावर अवलंबून नाही. कोरकू किंवा गोंड ख्रिस्ती कुटुंबाला "तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला मिळत नाही" असं कुणी सांगितलं, तर ते चूक आहे.

बिशप जे करू शकतात ते कागदांचं. जात पडताळणीत अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा फार वजनदार ठरतो. तो कुठे सापडतो? मिशनच्या जुन्या शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरात. आजोबा चौथीपर्यंत शिकले असतील तर तिथे त्यांच्या नावापुढे जमात लिहिलेली असू शकते. बाप्तिस्म्याची नोंदवही नातं जुळवायला जोडीला चालते, पण समिती शाळेच्या आणि महसुली नोंदींना, म्हणजे कोतवाल बुकासारख्या कागदांना, जास्त मान देते.

ही रजिस्टरं आज कुठल्या तरी लोखंडी कपाटात, शिवण सुटलेली, कडेनं वाळवी लागलेली आहेत. पानं ठिसूळ झाली की झेरॉक्सवर दाबताना दुमडीवर तुटतात, म्हणून झेरॉक्स नको. वही अर्धीच उघडून, दोन्ही बाजूंना उशी देऊन, खिडकीच्या उजेडात वरून फोटो घ्यायचे. फाटलेल्या पानावर चिकटपट्टी मारू नका, तिचा डिंक काही वर्षांत अक्षरं खातो. धर्मप्रांतानं दोन तरुणांना महिनाभराचं मानधन देऊन एकेका जुन्या केंद्राचं हे काम करून घ्यावं आणि प्रमाणित उतारा देण्यासाठी आठवड्यातला एक दिवस ठरवावा. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं डिसेंबर 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आहे. मिशनच्या शाळा-वसतिगृहांत आपल्या खेड्यांतल्या मुलांना जागा किती मिळतात, हा प्रश्न त्या धोरणाचा हवाला देऊन विचारा.

प्रश्न : वसतिगृहातल्या एका मुलीनं गंभीर तक्रार सांगितली आहे. बिशपांना कळवून वाट पाहावी का?

वाट पाहू नका. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही फोन करता येतो. मुलीला पुन्हा पुन्हा विचारू नका, तिचं नाव गावात जाऊ देऊ नका. बिशपांना त्याच दिवशी लेखी कळवा, पण पोलिसांना कळवल्यानंतर. तक्रार घेण्याची यंत्रणा प्रत्येक धर्मप्रांतात असावी, असा 2019 पासून चर्चचाही नियम आहे. संपर्क क्रमांक प्रत्येक चर्च आणि वसतिगृहाच्या फळ्यावर लावायला नव्या बिशपांना सांगा.

प्रश्न : बिशपांना पत्र लिहायला भीती वाटते. फादरांना वाईट वाटेल का? भाषा कशी असावी?

आपल्या गरजा आणि मत चर्चच्या पाळकांना कळवण्याचा अधिकार कॅनन 212 तुम्हाला देतो, आणि काही वेळा ते कर्तव्यही असतं. फादरांना आधी सांगा आणि पत्राची प्रत द्या. पाठीमागून गेलेलं पत्रच दुखावतं. तक्रार फादरांविषयीच असेल तर प्रत देण्याची गरज नाही.

एक विषय, एक पान, मराठीत. "आदरणीय बिशप महोदय" अशी सुरुवात पुरे. पहिल्या दोन ओळींत आपण कोण, कुठल्या गावचे. मग घडलं काय, तारखेसह. मग मागणी, एका वाक्यात. विशेषणं गाळा. "फादर मनमानी करतात" यापेक्षा "जानेवारीपासून आमच्या गावी तीनदा ठरलेली मिस्सा झाली नाही, तारखा अशा" हे वाचणाऱ्याला टाळता येत नाही. निनावी पत्र पाठवू नका. खाली दोन-तीन कुटुंबांच्या सह्या आणि मोबाइल नंबर द्या. पत्र स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपून ठेवा. महिन्यात उत्तर आलं नाही तर मूळ पत्राची प्रत जोडून स्मरणपत्र पाठवा, आणि त्यात मजकूर एकाच ओळीचा ठेवा : अमुक तारखेच्या पत्राचं उत्तर मिळावं ही विनंती.